संतोषाने देणारा हवा, तर घेणारा कसा हवा?

दशांश म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा देणे आजही बंधनकारक आहे का, हा वाद ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये पुन्हा पुन्हा पेटतो. एक बाजू बायबलातल्या मलाखी संदेष्ट्याचा तिसरा अध्याय उघडते आणि म्हणते, दहावा हिस्सा राखून ठेवला म्हणजे देवालाच लुटले. दुसरी बाजू प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या नवव्या अध्यायातले सातवे वचन पुढे करते: ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, कारण संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो. पहिल्या बाजूला वाटते की दुसरीला द्यायचेच नाही. दुसरीला वाटते की पहिलीला फक्त पैसा दिसतो. वचनांवर वचने येतात, आवाज चढतात, आणि पुढच्या रविवारी दानपेटी होती तशीच फिरते. या भांडणात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न बोलता मान्य करून टाकली आहे. किती द्यायचे, कोणत्या मनाने द्यायचे, देताना आनंद वाटला की नाही, हे सगळे देणाऱ्याचे प्रश्न आहेत, असे दोघेही धरून चालतात. पेटी ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे कोणी पाहतच नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. देवाच्या सेवेसाठीचे दान स्वखुशीचे आणि संतोषाचे असावे, ही अट आधी घेणाऱ्यावर आहे आणि मग देणाऱ्यावर. पौलाचे वाक्यच नीट वाचू. संतोष म्हणजे काय हे तो दोन नकारांनी सांगतो: दुःखी मनाने नको, आणि देणे भाग पडते म्हणून नको. मूळ ग्रीकमध्ये ‘लुपे’ म्हणजे मनाचे दुःख आणि ‘अनांके’ म्हणजे सक्ती, निरुपाय. पहिली गोष्ट देणाऱ्याच्या आतली आहे. ती त्याने देवाशी बोलून सोडवावी. दुसरी मात्र बाहेरून येते. सक्ती करणारा कोणीतरी असतो, तेव्हाच माणूस सक्तीने देतो. ती काढून टाकणे देणाऱ्याच्या हातात नसते, मागणाऱ्याच्या हातात असते. मग व्यासपीठावरून ‘आनंदाने द्या’ असा हुकूम सोडणाऱ्याने या वचनाचा अर्धा भाग स्वतःला लावून पाहिला आहे का? जाता जाता एक गैरसमजही दूर करायला हवा. त्या वचनातला ‘हिलारोस’ हा शब्द इंग्रजी ‘हिलेरियस’चा पूर्वज आहे, म्हणून ‘खळखळून हसत द्या’ असे अनेक उपदेशक सांगतात. शब्दाचा अर्थ तेवढा उथळ नाही. नीतिसूत्रांच्या जुन्या ग्रीक भाषांतरातून पौलाने तो उचलला आहे, आणि तिथेही तो प्रसन्न, राजी, हात आखडता न घेणाऱ्या माणसाबद्दल आहे. हसू चेहऱ्यावर आणता येते. राजीपणा तसा आणता येत नाही.

ही जाण एकट्या बायबलची नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात जे दान ‘परिक्लिष्ट’ म्हणजे कुढत दिले जाते, त्याची गणना राजस दानात केली आहे. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या यहुदी विद्वानाने दानाच्या आठ पायऱ्या लावल्या. त्यात सर्वात खालची पायरी खिन्न मनाने देणाऱ्याची आहे. योग्य त्यापेक्षा कमी, पण प्रसन्न चेहऱ्याने देणारा तिच्या वर आहे. म्हणजे रकमेपेक्षा चेहरा वरचढ ठरतो, आणि हे त्याने कायद्याच्या ग्रंथात लिहिले आहे.

आता दशांशवाल्यांचा सर्वात बळकट मुद्दा घेऊ. तो मलाखीत नाही, निर्गम या पुस्तकात आहे, आणि ते स्वतः तो क्वचितच मांडतात. रानातला निवासमंडप, म्हणजे इस्राएल लोकांचा उपासनेचा तंबू, हे स्वखुशीच्या दानाचे सर्वात मोठे उदाहरण म्हणून सांगितले जाते, आणि ते खरेही आहे: ज्याच्या मनाने उचल घेतली त्याने आणावे, असे मोशेने सांगितले. पण निर्गमाच्या ३८व्या अध्यायात त्याचा हिशेब दिला आहे, तो वाचावा. सोने २९ किक्कार आणि ७३० शेकेल (ही तेव्हाची वजने). पितळ ७० किक्कार आणि २,४०० शेकेल. हे अर्पणातून आले. चांदी १०० किक्कार आणि १,७७५ शेकेल, आणि ती मात्र शिरगणतीतून आली: वीस वर्षांवरच्या ६,०३,५५० पुरुषांकडून प्रत्येकी अर्धा शेकेल. एका किक्कारात ३,००० शेकेल धरले की हिशेब शेकेलभरही इकडेतिकडे होत नाही. सहा लाख तीन हजार साडेपाचशेचे निम्मे, ३,०१,७७५, तेवढेच होतात. या चांदीचे काय केले? शंभर किक्कारांच्या शंभर उथळ्या, म्हणजे खालच्या बैठका, ओतल्या, एकेका उथळीला एक किक्कार. सगळ्या फळ्या त्या उथळ्यांत उभ्या राहिल्या. उरलेल्या १,७७५ शेकेलांतून खांबांच्या आकड्या केल्या, खांबांची टोके मढवली. वरचे झळाळणारे सोने स्वखुशीचे होते, पण तंबू उभा होता तो सक्तीच्या चांदीवर. मग निव्वळ मनाच्या उचलीवर काम चालेल, असे म्हणणाऱ्यांनी कशाच्या आधारावर म्हणायचे? दिव्याचे तेल, छताची दुरुस्ती, सेवकाचे वेतन यांना कोणाच्या उत्साहाची वाट पाहता येत नाही.

हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. पण त्या सक्तीला ज्या मर्यादा घातल्या होत्या त्याही तितक्याच मान्य कराव्या लागतील. श्रीमंताने अर्ध्या शेकेलाहून अधिक द्यायचे नाही, गरिबाने कमी द्यायचे नाही, असे निर्गम ३०:१५ सांगते. म्हणजे तिथे मिरवायला जागा नव्हती आणि ओढायलाही नव्हती. रक्कम सर्वांना आधीपासून ठाऊक होती. आणि मुख्य म्हणजे, तिला ‘जिवाबद्दलचा खंड’ असे तिचे खरे नाव होते. स्वखुशीची भेट म्हणून ती कोणाच्या गळ्यात मारली नव्हती. सदस्यत्वाची वर्गणी असेल तर तिला वर्गणी म्हणावे, ती छोटी आणि सारखी ठेवावी, आणि तिच्यासाठी कोणाला आनंदाचा अभिनय करायला लावू नये. बिघाड सुरू होतो तो वर्गणी वसूल करून तिला अर्पण म्हणण्यापासून. मग माणसाला पैशाबरोबर खोटेही द्यावे लागते. प्रेषितांच्या कृत्यांतली हनन्याची गोष्ट इथेच आठवावी. जमीन विकण्याआधी ती तुझीच नव्हती का, विकल्यावरही पैसा तुझ्याच हाती नव्हता का, असे प्रेषित पेत्र त्याला विचारतो. थोडे राखून ठेवल्याचा दोष त्याच्यावर नव्हताच. थोडे देऊन सगळे दिल्याचा देखावा केला, हा दोष होता. ज्या सभेत कमी देण्याची लाज वाटते, तिथे हनन्या तयार होतात.

पण या सगळ्या वादावर सर्वात जास्त उजेड पाडणारा प्रसंग राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात आहे, आणि तो फारच कमी सांगितला जातो. यहूदाच्या योआश राजाने याजकांना सांगितले की मंदिरात येणारा पैसा घ्या आणि पडझड दुरुस्त करा. त्या पैशात तीन प्रकार होते: शिरगणतीचा, माणशी ठरवलेल्या मोलाचा, आणि लोकांनी आपल्या मनाने आणलेला. म्हणजे सक्तीचा आणि खुशीचा दोन्ही. प्रत्येक याजकाने आपापल्या ओळखीच्यांकडून घ्यावा आणि त्यातून दुरुस्ती करावी, अशी व्यवस्था होती. राजाच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष उजाडले तरी पडझड तशीच होती. याजकांनी चोरी केली असे मजकूर म्हणत नाही. त्यांच्या निर्वाहाचा पैसा आणि इमारतीचा पैसा एकाच हातात, एकाच थैलीत येत होता, आणि कोणता कशाचा हे सांगणारे कोणी नव्हते. निर्वाह रोजचा असतो, भिंत उद्यावर ढकलता येते. अशा थैलीतून भिंत कधीच बांधून होत नाही.

मग यहोयादा याजकाने काय केले? लोकांना उदारपणावर प्रवचन दिले नाही. एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीच्या उजव्या बाजूला ठेवली. आलेला पैसा उंबरठ्यावरचे याजक त्यात टाकत. पेटी भरत आली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघे वर येत, पैसा मोजत आणि थैल्यांत बांधत. राजवाड्याचा एक, मंदिराचा एक. एकमेकांच्या हाताखालचे नव्हेत. मोजलेला पैसा थेट कामावर देखरेख करणाऱ्यांना, आणि त्यांच्याकडून सुतार, गवंडी, पाथरवट यांना, लाकूड आणि घडीव चिऱ्यांसाठी. त्यातून चांदीचे पेले, कातऱ्या, कर्णे करायचे नाहीत. दोषार्पणाचा आणि पापार्पणाचा पैसा मात्र या पेटीत येत नसे. तो याजकांचा होता आणि त्यांनाच मिळत राहिला. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात याच प्रसंगाला एक ओळ जोडलेली आहे: सर्व सरदार आणि लोक आनंदाने आणून पेटीत टाकत राहिले. दुरुस्ती पुरी झाल्यावर उरलेल्या पैशातून मग भांडी घडवली, त्याआधी नाही.

इथे थांबून विचारावे: आनंद कुठून आला? लोक तेच होते. देणे तेच होते. इतिहासकार तर त्याला मोशेने लावलेली पट्टीच म्हणतो. करिंथकरांस लिहिलेले पत्र अजून शतकानुशतके दूर होते. बदलली ती पेटी, तिच्या झाकणाचे भोक, मोजणारी दोन माणसे आणि पैशाची ठरलेली वाट. सक्ती की खुशी हा प्रश्न बाजूलाच राहिला आणि तरी आनंद आला, कारण दिलेले कुठे जाते ते दिसू लागले. ‘लोकांची श्रद्धा कमी झाली आहे’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक समितीने आधी आपली पेटी उघडून पाहावी.

याच अध्यायातले एक वाक्य उलटे वापरले जाते: कामगारांना पैसे वाटणाऱ्यांकडून हिशेब मागत नसत, कारण ते सचोटीने वागत. ‘पाहा, देवाच्या कामात हिशेब मागू नये!’ पण हे वाक्य मोजणी, थैल्या आणि दोन साक्षी झाल्यानंतरचे आहे. ज्याने वरचे दार घट्ट लावले, त्यालाच खालच्या माणसावर विश्वास टाकणे परवडते. मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात यरुशलेमच्या मंदिराच्या खजिन्याबद्दलचा नियम तर अंगावर काटा आणतो. कोठीतून पैसे काढायला आत जाणाऱ्याने दुमडीचा झगा, जोडे, ताईत, काहीही घालायचे नाही. तो पुढे गरीब झाला तर लोक म्हणतील कोठीत पाप केले. श्रीमंत झाला तर म्हणतील कोठीतून झाला. माणूस प्रामाणिक असणे पुरेसे धरलेले नाही. देवापुढे जितके निर्दोष, तितकेच लोकांपुढेही निर्दोष असावे लागते.

पौलानेही हेच केले. यरुशलेममधल्या गरिबांसाठी गोळा होणारी वर्गणी त्याने एकट्याने हातात घेतली नाही. तीत या आपल्या सहकाऱ्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेले भाऊ दिले, आणि कारण लिहून ठेवले: या मोठ्या रकमेबाबत आम्हाला कोणी दोष लावू नये. पण दुसऱ्या बाजूचा एक आक्षेप इथे टाळता येणार नाही. पौलाने दबाव आणला नाही असे कसे म्हणता? मासेदोनियाच्या दरिद्री मंडळ्यांनी शक्तीबाहेर दिले, हे तो सुखवस्तू करिंथकरांना ऐकवतो. मासेदोनियाचे लोक माझ्याबरोबर आले आणि तुम्ही तयार नसलात तर आपली सर्वांचीच लाज जाईल, असेही लिहितो. ही तुलना आहे आणि लाजेची भाषाही आहे. होय, आहे. तरी तीन गोष्टी पाहाव्यात. हे पत्र सगळ्या मंडळीपुढे वाचायचे होते, एखाद्याला कोपऱ्यात गाठून म्हटलेले नव्हते. शब्द वर्षापूर्वी करिंथकरांनी स्वतः दिला होता. पौल त्यांच्याच इच्छेची त्यांना आठवण देतो. आणि आठवा व नववा, दोन्ही अध्याय उलथेपालथे केले तरी रकमेचा आकडा सापडत नाही, दशांशाचा उल्लेख सापडत नाही. मी आज्ञा म्हणून सांगत नाही, असे तो लिहितो, आणि ज्याच्याजवळ जे आहे त्यावरून मोजावे, जे नाही त्यावरून नव्हे, असेही. आठवण देणे आणि ओढून घेणे यांतली रेघ बारीक आहे हे त्यालाही ठाऊक होते. म्हणूनच माणसे आधी पाठवली, की दान ‘ओरबाडलेले’ न वाटता तयार ठेवलेले असावे.

पहिल्या काही शतकांत ही रेघ पाळली गेली. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक लिहितो की ज्यांना शक्य आहे आणि ज्यांची इच्छा आहे ते आपल्याला योग्य वाटेल तेवढे देतात, आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांना मदत होते. त्या शतकाच्या अखेरीस तर्तुलियन हा दुसरा ख्रिस्ती लेखक सांगतो: महिन्यातून एकदा, इच्छा असेल तर आणि ऐपत असेल तर, कोणावर बळजबरी नाही. मग काय बिघडले? दशांश कायदा झाला. ५८५ साली आजच्या फ्रान्समधल्या माकों इथल्या धर्मसभेने तो न देणाऱ्याला बहिष्काराची धमकी दिली. ७७९ साली शार्लमेन या फ्रँक राजाने राज्याचा हुकूम काढला. जिंकलेल्या सॅक्सन लोकांवर बाप्तिस्मा आणि दशांश एकदमच लादला गेला. दहा-बारा वर्षांत ते पुन्हा बंड करून उठले, आणि ७९६ साली अल्क्विनने, जो शार्लमेनचाच विश्वासू विद्वान होता, राजाला विनवले की नुकत्याच जिंकलेल्या अवार लोकांवर तरी हे लादू नका. ख्रिस्ती घरांत जन्मलेल्या आपल्यालाही पूर्ण दशांश द्यायला जड जाते, मग या कोवळ्या विश्वासाचे काय होईल? दशांश गेला तरी चालेल, विश्वास जाऊ नये, असे त्याचे म्हणणे होते. हा माणूस चर्चचा शत्रू नव्हता. हजार वर्षांनी आयर्लंडमध्ये तेच घडले: १८३०च्या दशकात कॅथलिक शेतकऱ्यांची गुरेढोरे पोलिसांनी दशांशापोटी ओढून नेली, तीही त्यांच्या नसलेल्या, प्रॉटेस्टंट चर्चसाठी. रक्तपात झाला. शेवटी १८३८च्या कायद्याने दशांश जमिनीवरच्या आकारणीत मिसळून टाकला, म्हणजे बोजा थोडा हलका केला, पण उतरवला नाही, नजरेआड केला. ‘सक्तीने निदान पैसा तरी येतो’ म्हणणाऱ्यांनी त्या पैशाबरोबर काय काय निघून गेले याचीही बेरीज करावी.

राहतो एक आक्षेप, जो मला सर्वात खोल वाटतो. मनाची वाट पाहत बसलात तर मन कधीच येत नाही. जिथे तुझे धन तिथे तुझे मनही राहील, असे येशू म्हणतो. क्रम नीट पाहा, धन आधी जाते, मन मागून येते. तेव्हा सवयीने, नियमाने, न वाटताही द्यावे, आनंद नंतर उगवतो. हे अनुभवाला धरून आहे, आणि ‘वाटेल तेव्हा, वाटेल तेवढे’ म्हणणाऱ्यांची इथे खरोखर अडचण होते, कारण त्यांना बहुधा काहीच वाटत नाही. पण स्वेच्छा म्हणजे लहर, असे कोणी सांगितले? अनुवाद या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात नवसाचा नियम आहे: नवस केला नाहीस तर पाप नाही, केलास तर फेडायला उशीर करू नकोस. दारातून आत येताना मोकळीक, आत आल्यावर जबाबदारी. पौलाचा सल्लाही असाच आहे: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्याजवळ, मिळकतीच्या मानाने, बाजूला काढून ठेवावे. नियम आहे, पण तो ज्याचा त्याने घरी बसून ठरवलेला. दहा टक्के हे अशा नियमाचे उत्तम माप होऊ शकते. पाच होऊ शकते, पंधरा होऊ शकते. लेवीय २२:२३ मधला बारकावा मला फार आवडतो. ज्या बैलाचा वा मेंढराचा एखादा अवयव कमीजास्त आहे, तो नवसासाठी चालत नाही, पण स्वखुशीच्या अर्पणासाठी चालतो. स्वतः मान्य केलेले देणे काटेकोर मोजायचे. आपण होऊन आलेले मात्र लंगडे असले तरी जवळ करायचे. आपण नेमके उलटे करतो. आपण होऊन आलेल्या छोट्या नोटेकडे तिरके पाहतो आणि मोठ्यांनी दिलेले शब्द विसरून जातो.

गरिबाच्या दानाबद्दल तर जास्तच सावध राहायला हवे. मलाखीतली ‘आकाशाची दारे’ उघडतात म्हणजे पाऊस येतो, आणि त्याच्या लगेच पुढे पिकाचा नाश करणारा आणि द्राक्षवेल येतात. ते शेतकऱ्यांच्या राष्ट्राला धान्यकोठाराबद्दल सांगितलेले आहे. व्यक्तीला गुंतवणुकीच्या परताव्याबद्दल नाही. शिवाय नियमशास्त्रात दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवून लेवी, उपरा, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खायचा होता. मलाखी वाचून विधवेकडून दशांश घेणाऱ्याने तो तिसऱ्या वर्षी तिला परत द्यायला नको का? मार्कातल्या विधवेच्या दोन दमड्यांचेही तसेच. त्या गोष्टीच्या लगेच आधी विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांचा धिक्कार आहे, आणि लगेच नंतर या मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही हे भाकीत आहे. येशू तिची थोरवी सांगतो. ‘जा, तिच्याकडून घ्या’ असे तो कोणाला सांगत नाही. यहुदी विद्वानांनी तर गालीलातल्या उशा या गावी वरची मर्यादा घातली: पाचव्या हिश्श्याहून जास्त उधळू नये, नाहीतर दाताच उद्या याचक होईल. कर्जात बुडालेल्या कुटुंबाला ‘आज दिलेस तर कर्ज फिटेल’ असे सांगणे हा देवाच्या नावाने चालवलेला जुगार आहे.

उघड दान मात्र सरसकट वाईट नाही. दावीदाने आपल्या खाजगी ठेव्यातले ३,००० किक्कार सोने सर्वांसमोर जाहीर केले, सरदारांनी त्यामागे दिले, आणि लोक आनंदले. पण वरच्याने आधी स्वतःचे उघड करणे वेगळे आणि खालच्यांची यादी वाचून दाखवणे वेगळे. त्याच मंदिराचा पुढचा इतिहासही वाचावा: सोने खुशीने आले, पण शलमोनाने ३०,००० माणसे बेगारीला धरली, पाळीपाळीने दहा-दहा हजार. त्याच्या मुलाच्या काळात राज्य फुटले तेव्हा लोकांनी सर्वात आधी कोणाला दगडमार केला? बेगारीवरच्या अधिकाऱ्याला.

तेव्हा घेणाऱ्याने करायचे काय? मोजणी दानाच्या दिवशीच, त्याच जागी, एकमेकांचे नातलग नसलेल्या दोघांनी करावी. नाणी-नोटांची फोड चिठ्ठीवर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. बँकेत भरणारा तिसरा असावा. खजिनदाराने मोजू नये, मोजणाऱ्याने खतावणी लिहू नये. चिठ्ठीचा आकडा आणि बँकेतल्या नोंदीचा आकडा महिन्याला एकदा चौथ्याने जुळवावा. घोटाळा बहुतेक वेळा मोजणी आणि बँक यांच्यामधल्या रात्री होतो, आणि तो करणाराही बहुधा ‘उसने’ म्हणूनच सुरुवात करतो. छपरासाठी आलेला पैसा वेगळ्या खात्यात. वेतन अडले म्हणून तिकडून उचलला तर ते त्याच महिन्यात सर्वांना सांगावे. थाळी रांगेतून फिरवली की शेजाऱ्याचे डोळे हातावर येतात; दाराजवळची बंद पेटी बरी. नावे आणि रकमा वाचू नयेत. संगीत चढत असताना, दिवे मंद असताना वचने भरून घेऊ नयेत; आवाहन आज, पण अर्पण पुढच्या आठवड्यात, म्हणजे माणूस घरी जाऊन जोडीदाराशी बोलेल आणि मनात ठरवेल. दहा मिनिटांत घेतलेले वचन तिसऱ्या महिन्यात थकते, मग आठवणीचे फोन, मग तोंड चुकवणे, आणि शेवटी माणूस येणेच बंद करतो. वचनपत्रावर ‘परिस्थिती बदलल्यास कळवा, रक्कम बदलता येईल’ ही ओळ छापावी. आणि कोण किती देतो हे पाळकाला ठाऊक नसणे सर्वात चांगले; ठाऊक असले की आजाऱ्याच्या भेटीचा क्रमसुद्धा नकळत बदलतो.

वेळ आणि कष्ट यांचेही हेच नियम. निवासमंडपासाठी स्त्रियांनी बकऱ्यांचे केस कातले, तेही दानच होते. सेवेला शेवटची तारीख नसेल तर आनंदाने आलेला माणूस दोन वर्षांत कंटाळून निघून जातो.

शेवटी निर्गम ३६ कडे येऊ. कारागीर आपापले काम सोडून मोशेकडे आले आणि म्हणाले, लोक गरजेपेक्षा फार जास्त आणत आहेत. मोशेने छावणीभर दवंडी पिटवली: आता कोणी काही आणू नये. लोकांना आवरावे लागले. हे कारागिरांना सांगता आले, कारण किती फळ्या, किती पडदे, किती आकड्या हे त्यांना मोजून ठाऊक होते. ज्याला किती लागते हेच ठरवलेले नाही, त्याला पुरे झाले हे कसे कळणार? म्हणून प्रत्येक आवाहनाच्या कागदावर चार गोष्टी असाव्यात: कामाचा अंदाजी खर्च, आजवर जमलेली रक्कम, पेटी बंद होण्याची तारीख, आणि जास्त जमले तर ते कशाला वापरायचे. तारखेआधी रक्कम पुरी झाली, तर त्याच रविवारी पेटी उचलून आत ठेवावी.